भरतीची तयारी करा, पण रिकाम्या हातानं नको

बीड जिल्ह्यातल्या पदवीधर मुला-मुलींनो आणि त्यांच्या आई-वडिलांनो,

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की आपल्याकडं एकच प्रश्न विचारतात, आता कशाची तयारी? कुठं काम बघतोस, असं फारसं कुणी विचारत नाही. तलाठी, पोलीस, राज्यसेवा, यांतलं एखादं नाव सांगितलं की घराचं समाधान होतं. मग मुलगा बीडच्या अभ्यासिकेत नाहीतर पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जाऊन बसतो. मेस, खोली आणि क्लासचे पैसे गावाकडून जात राहतात. केज, धारूर, पाटोदा, शिरूर कासारच्या कितीतरी घरांत हे पैसे मुकादमाच्या उचलीतून निघतात आणि पुढं सहा महिने उसाच्या फडात फेडले जातात.

सरकारी नोकरीची ओढ चुकीची आहे, असं मी म्हणणार नाही. दुष्काळात ज्या घरात महिन्याचा पगार येत होता तेच घर तगलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण आकडे समोर ठेवून निर्णय घ्या. 2023 च्या तलाठी भरतीत 4,644 जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर गेले, म्हणजे एका जागेमागं दोनशेहून जास्त. 2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी सतरा लाखांहून जास्त अर्ज आले. जी मुलं राहिली ती आळशी नव्हती. जागाच तेवढ्या होत्या. पोलीस शिपायाची वयोमर्यादा खुल्या गटाला 28 आणि मागास प्रवर्गाला 33. ती उलटते तेव्हा पदवी हातात असते, पण एका दिवसाचाही अनुभव नसतो. मला भीती वाटते ती या रिकाम्या वर्षांची.

म्हणून तयारीला बसण्याआधी घरात मुदत ठरवा. दोन वर्षं, फार तर तीन. महिन्याला किती लागतील आणि ते कुठून येणार, हे आईसमोर मोकळेपणानं बोला. आणि ही मुदत मुलीलाही तेवढीच द्या. मुलासाठी पाच वर्षं थांबणारं घर मुलीच्या पहिल्याच भरतीनंतर स्थळं बघायला लागतं. हा अन्याय आहे आणि तो आपल्याच घरात होतो.

दुसरं, तयारी चालू असताना काहीतरी काम धरा. 1961 च्या अप्रेंटिस कायद्यानुसार तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. परळीचं औष्णिक केंद्र, महावितरण, एसटी आयटीआयवाल्यांना घेतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनाही अप्रेंटिस होता येतं, हे कॉलेजात क्वचितच सांगितलं जातं. केंद्राच्या अप्रेंटिस पोर्टलवर आणि राज्याच्या महास्वयमवर नाव नोंदवा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये आली, तेव्हा पदवीधराला महिना दहा हजार विद्यावेतन ठरलं. सहा महिन्यांची मुदत पुढं अकरा महिने झाली, ती संपल्यावर अनेकांनी कायम करा म्हणून आंदोलनं केली. त्यांचं दुःख खरं आहे. तरी अशा योजनेत जाताना ती नोकरी नाही, प्रशिक्षण आहे, हे धरूनच जा. जिथं हाताला काही शिकायला मिळेल तीच जागा मागा आणि प्रमाणपत्र घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

वाळूज, शेंद्रा, चाकण, रांजणगावला आपली हजारो पोरं आहेत. ठेकेदाराकडं लागलात तरी नियुक्तीपत्र मागा, पीएफ आणि ईएसआयसी कापतात का ते विचारा. पीएफचा यूएएन नंबर कंपनी बदलली तरी तोच राहतो. तुम्ही कुठं किती दिवस काम केलं याची नोंद त्याच्यामागं राहते. पदवीधरानं हेल्परचं काम करण्यात कमीपणा नाही. मात्र वर्षभरानंतरही तेच करत असाल तर मशीन शिका, टॅली शिका, स्टोअरचा हिशेब मागून घ्या.

आणि 'सेटिंग' लावून देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. 2021 च्या आरोग्य भरतीचे पेपर फुटले तेव्हा प्रामाणिक पोरांची मेहनत मातीत गेली. 2024 मध्ये केंद्रानं आणि राज्यानं अशा गैरप्रकारांविरुद्ध कडक कायदे केले आहेत. एकर विकून दिलेले पैसे परत येत नाहीत आणि फसवणूक झाली म्हणून तक्रार करायलाही तोंड राहत नाही. आई-वडिलांनो, ही विनंती खास तुम्हाला. मुलगा नको म्हणत असताना त्याच्या नावानं असे पैसे देऊ नका.

शेवटचं मागणं, जे आधीच बाहेर स्थिरावलेत त्यांच्याकडं. तुमच्या कंपनीत जागा निघाली की गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका. पगार, शिफ्ट, ठेकेदार, सगळं खरं लिहा. आणि गावातलं पोरगं आलं तर पहिला पगार होईपर्यंत त्याला खोलीवर राहू द्या. डिपॉझिट आणि महिनाभराच्या मेसचे पैसे नसल्यामुळं मिळालेलं काम सोडून परत येणारी मुलं आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत.