पुडीचा भाव, पोत्याचा भाव

त्र्यंबकेश्वरात देवाच्या दारात दोन रांगा लागतात. एक धर्मदर्शनाची. तिच्यात पोरं कडेवर घेऊन, पाय बदलत तासन् तास उभं राहायचं. दुसरी २०० रुपयांच्या पावतीची. पावती फाडली की बाजूने सरळ आत. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातल्या देवळात पैसे घेऊन माणूस पुढे सोडायचा हक्क कुणी दिला, म्हणून २०२२ साली हे २०० रुपये मुंबई हायकोर्टात पोचले. देवाचं काय ते देव आणि कोर्ट बघून घेतील, मला त्या रांगेत उभंच राहायचं नाही. पण दोस्तहो, तसल्याच दोन रांगा आमच्या घरातल्या मोबाइलमध्ये लागल्यात, आणि त्यांच्याबद्दल चकार शब्द कुणी काढत नाही. आपणही काढत नाही. आपण गुपचूप रिचार्ज मारतो.

रात्री साडेनऊला बहिणीचा पॅक संपतो. ती भरतीचा अभ्यास करते. दिवसाला दीड जीबी. एक लेक्चर, एक टेस्ट सिरीज, मधेच आईने लावलेला एखादा व्हिडिओ, की खलास. मग स्पीड पडतो ६४ केबीपीएसवर. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट. ५ एमबीची जुन्या प्रश्नपत्रिकांची पीडीएफ उतरायला दहा मिनिटं, तीही मधे तुटली नाही तर. ती फोन उपडा ठेवते आणि म्हणते, 'दादा, झोपते मी आता.' आणि समोरच्या लॉजवर पाटी : 'यात्रेकरूंसाठी फ्री वायफाय'. त्या लॉजची वायर आमच्या पत्र्यावरून जाते. अक्षरशः पत्र्यावरून. पावसात लोंबली की माझा बाप काठीने वर ढकलतो. बाप नगरपरिषदेत झाडूवाला. यात्रेनंतर सगळं गाव तो झाडतो, आणि यात्रेकरूंचं इंटरनेटही तोच उचलून धरतो.

मी गेलो कनेक्शन मागायला. कंपनीचं नाव सांगत नाही, सगळ्या एकाच माळेच्या. टाय लावलेला पोरगा, माझ्याच वयाचा. पत्ता ऐकला आणि म्हणाला, 'दादा, तुमच्या एरियात फिझिबल नाहीये.' म्हटलं, तार माझ्या डोक्यावरून जाते, आणि फिझिबल कसं नाही? मग त्याने विचारलं, घर कुणाच्या नावावर? वीजबिल कुणाच्या नावावर? सहा महिन्यांचे पैसे एकदम भरणार का? राउटरचं डिपॉझिट वेगळं. त्या पोराचा राग नाही मला. त्याला टार्गेट असतं, आणि टार्गेटात आमची वस्ती बसत नाही.

घरी आलो, वही काढली आणि हिशोब मांडला. तुम्हीही मांडा.

जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा जिओचा पॅक २३९ चा २९९ झाला. २८ दिवस हा आकडा कुठल्या पंचांगातून काढला ते विचारू नका. वर्षात महिने १२, पण रिचार्ज १३. ही लबाडी एवढी उघडी होती, की जानेवारी २०२२ मध्ये ट्रायला हुकूम काढावा लागला : निदान एक तरी पॅक ३० दिवसांचा ठेवा. बरं, घरात फोन ४. २९९ गुणिले १३ गुणिले ४. वर्षाला १५,५४८ रुपये.

आता वायर. जिओने ऑगस्ट २०२० मध्ये ३९९ चा ३० एमबीपीएसचा घरगुती प्लान आणला, त्याच साली बीएसएनएलने ४४९ चा. दोघांची महिन्याची हद्द सारखीच, ३३०० जीबी. मोबाइलच्या दरात जीएसटी आधीच मुरलेला असतो. वायरच्या जाहिरातीत तो बाहेर ठेवतात आणि बिलात घुसवतात. ३९९ वर १८ टक्के, झाले ४७१. वर्षाचे ५,६५०. वायर आली तरी बोलायला फोन लागणारच. त्यासाठी २८ दिवसांत २ जीबी देणारा १८९ चा पॅक धरा, ४ फोन, १३ वेळा. ९,८२८. दोन्ही मिळून १५,४७८.

बघा पुन्हा. १५,५४८ आणि १५,४७८. वस्तीतलं घर लॉजवाल्याएवढ्याच वायरीचे पैसे आत्ताच भरतंय, वर ७० रुपये जास्त. फरक एवढाच, की त्या पैशात आम्हाला २८ दिवसांत चौघांना मिळून १६८ जीबी आणि रात्री साडेनऊला फाटका पंखा. वायरवाल्याला ३३००.

आणि हे पूर्ण पॅक मारणाऱ्याचं झालं. ज्याच्या खिशात २९९ एकदम नसतात तो काय करतो? वाण्याकडून चहापत्ती आणतो तसं. पुडी. १ जीबीची पुडी १५ रुपयांना होती, त्याच दरवाढीत १९ ची झाली. पोतं घेणाऱ्याला जीबी पडतो १४ पैशांना. तुम्ही म्हणाल, अख्खं पोतं कोण संपवतो? बरोबर. २०० जीबीच वापरले धरा. तरी २ रुपये ३५ पैसे. पुडीवाला आठपट देतो. आणि पुडी कोण घेतं, हे काय आता मी सांगायला पाहिजे?

कट्ट्यावर हे बोललो तर आपलाच एक शहाणा म्हणाला, 'अरे, जो जास्त वापरेल त्याने जास्त द्यावं, हाच समाजवाद नाही का? मीटर म्हणजे न्याय.' ऐकायला गोड आहे. मलाही क्षणभर पटलं. कारण सपाट दराचीही एक लबाडी आहेच. दिवसभर गेम खेळणारा बंगल्यातला पोरगा आणि फक्त नातवाचा व्हिडिओ कॉल घेणारी म्हातारी, दोघांना ३९९ च.

पण मीटर कसा असतो ते विजेच्या बिलावर बघा. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटचा दर सगळ्यात कमी, वर जाल तसा चढा. थोडं वापरणाऱ्याला स्वस्त. आणि वीज तर खरोखर संपणारी चीज, दर युनिटमागे कोळसा जळतो. इंटरनेटच्या बाजारात शिडी उलटी टांगलेली. थोडं घेणारा महागात, ढीग घेणारा फुकटात. हा मीटर नव्हे, ही सावकारी.

शिवाय वायरीत जळतं काय? एकदा तार टाकली, की तिच्यातून १ जीबी गेला काय आणि १०० गेले काय, काच झिजत नाही. खर्च खड्ड्याचा, खांबाचा, परवानगीचा, दोन्ही टोकांच्या डब्यांचा. आणि रात्री ८ ते ११ सगळे एकदम बसतात तेव्हा पुरेल एवढी वाट रुंद ठेवण्याचा. अमेरिकेत कॉमकास्ट नावाची बलाढ्य कंपनी ठरलेल्या हद्दीपुढे दर ५० जीबीला १० डॉलर उकळायची. मार्च २०२० मध्ये कोरोना आला, सगळा देश घरी बसून नेटवर आला, आणि नेमकं तेव्हाच तिने हद्द तात्पुरती उठवली. आभाळ कोसळलं नाही. जूनअखेर सवलत संपली. मग ती हद्द कशासाठी होती?

मोबाइलचं थोडं वेगळं आहे, हे कबूल करतो. टॉवरची लहरींची पट्टी मोजकी, ती सगळ्यांत वाटायची, तिथे माप लावण्यात काही अर्थ आहे. पण म्हणूनच तर माझं डोकं फिरतं. जिथे माप लागतं ती वाट वस्तीला, आणि जिथे मापाची गरज नाही ती वाट लॉजला.

'अनलिमिटेड' या शब्दाचीही जरा चामडी सोलू या. हद्द संपली की स्पीड पाडायचा, याला नाव दिलंय फेअर यूसेज. फेअर! ऑक्टोबर २०१६ मध्ये ट्रायने सांगितलं, वायरीवरचा स्पीड पाडलात तरी ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने व्याख्याच बदलली : २ एमबीपीएसच्या खाली असेल त्याला ब्रॉडबँड म्हणायचंच नाही. आमची बहीण ६४ वर बसते. तिला काय म्हणायचं ते कुठल्याच व्याख्येत नाही.

हे मीटरचं दुखणं जुनंच. २००५ साली बीएसएनएलचं डेटावन आलं तेव्हा स्वस्तातल्या प्लानला ठरावीक एमबी, वर प्रत्येक एमबीला पैसे. एका प्लानमध्ये रात्री २ ते सकाळी ८ फुकट. पोरं दोनचा गजर लावून उठायची. पण ज्यांच्या घरी टेलिफोन होता त्यांची पोरं. आमच्याकडे गजर होता.

मग फेसबुक दयाळू झालं. 'फ्री बेसिक्स' : गरिबाला फुकट इंटरनेट, पण आम्ही निवडू तेवढंच. शहरातली पोरं खवळली, लाखोंनी ईमेल गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने नियम केला : कुठली साइट बघतो यावरून वेगळा दर लावायचा नाही. चांगलं झालं, मी त्या पोरांच्या बाजूचा आहे. त्याच सप्टेंबरात जिओ आलं, डेटा मातीमोल झाला, आणि सगळ्यांना वाटलं लढाई संपली. काय बघतो यावरून भेद नको, हे पटलं. कुठे राहतो यावरून चाललेला भेद त्या ईमेलांमध्ये कुणी लिहिला नाही.

आता कुणीतरी म्हणणारच, अरे पाण्याची बोंब आहे आणि तुला नेट सुचतंय! ठाऊक आहे. याच तालुक्यात हरसूलकडच्या शेंद्रीपाड्यात बाया ओंडक्यावर तोल सांभाळत हंडे घेऊन नदी ओलांडायच्या. २०२२ च्या जानेवारीत लोखंडी पूल बसवला, त्याच पावसाळ्यात वाहून गेला. पण त्या ओंडक्याचा फोटो मोबाइलवरून फिरला नसता तर तो एवढासा पूल तरी आला असता का? आणि शिष्यवृत्तीचा अर्ज ऑनलाइन, जातीचा दाखला ऑनलाइन, भरतीचं हॉल तिकीट ऑनलाइन. हे सगळं मागणारं सरकार म्हणतंय, अर्ज फक्त ऑनलाइनच. मग तार कुणी आणायची? सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ हायकोर्टाने हॉस्टेलच्या एका मुलीच्या बाजूने निकाल दिला, की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग आहे. त्याच केरळने ५ जून २०२३ ला स्वतःच्या मालकीचं केफॉन जाळं सुरू केलं. २९९ ला २० एमबीपीएस. पहिल्या टप्प्यात १४० मतदारसंघांतली प्रत्येकी १०० गरीब घरं फुकट. घोषणा २० लाख घरांची होती आणि सुरुवात १४ हजारांनी, तेव्हा आरती ओवाळायची गरज नाही. पण तार सरकारची असू शकते, एवढं तर दिसलं.

आपल्याकडे २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते उकरणं चाललंय. खर्च खड्ड्याचा असतो, हे वर सांगितलं. खड्डा तर सरकार आपल्या पैशाने खणतंच आहे. त्याच खड्ड्यात एक जादा पाइप टाका, त्याचं तोंड वस्तीत काढा, आणि त्यातून ज्याला धंदा करायचा असेल त्याने गरीब घराला विजेसारखा खालचा टप्पा स्वस्त द्यावा. महिन्याचे महिन्याला पैसे, सहा महिन्यांचे एकदम नाहीत. घर नावावर नसेल तर रेशनकार्ड चालेल.

नगरपरिषदेला अर्ज लिहिलाय, एकच पान. १४ घरांच्या सह्या झाल्यात, त्यात सात अंगठे. बाप सही करायला आधी तयार नव्हता, नोकरीवर येईल म्हणाला. काल रात्री वादळात वायर पुन्हा पत्र्यावर पडली. या वेळी त्याने काठी उचलली नाही. सकाळी लॉजचा मॅनेजर ओरडत आला, तेव्हा बाप दारात बसून पेन मागत होता. उरलेल्या सह्या रविवारी.