फोन रेंगाळतोय? आधी विंडोज ३.१ ची ही गोष्ट वाचा

फोन हँग व्हायला लागला की आपलं निदान ठरलेलं असतं : रॅम कमी पडतेय, नवा फोन घ्यायला हवा. तीसेक वर्षांपूर्वी कॉम्प्युटर वापरणारेही हेच म्हणायचे. तेव्हा रॅम आजच्या मानाने फारच महाग होती, त्यामुळे निदान चुकलं की खिशाला चांगलीच कात्री लागायची.

नेमकं काय व्हायचं?

मायक्रोसॉफ्टचं विंडोज ३.१ एप्रिल १९९२ मध्ये आलं. ते डॉसवर चालायचं. बरेच प्रोग्रॅम एकदम उघडले की कधी आयकॉन गायब व्हायचे, कधी विंडो अर्धवट दिसायच्या आणि मग 'मेमरी अपुरी आहे' असा मेसेज यायचा. मेसेज वाचून कोणी रॅम ४ एमबीची ८ एमबी केली, तरी तोच मेसेज पुन्हा समोर!

रॅम वाढवूनही फरक का पडत नसे?

पडद्यावरच्या विंडो, मेनू, आयकॉन, फॉन्ट या सगळ्यांच्या नोंदी विंडोजचे 'यूजर' आणि 'जीडीआय' हे दोन भाग ठेवायचे. या नोंदींसाठीची जागा ६४ केबीच्या मर्यादेत बांधलेली होती. गोदाम कितीही मोठं केलं, तरी नोंदवहीची पानं तेवढीच. त्यात काही प्रोग्रॅम बंद होताना आपल्या नोंदी पुसायचेच नाहीत. मग विंडोज बंद करून पुन्हा सुरू करणं हाच उपाय उरायचा.

दोष ओळखायचा कसा?

प्रोग्रॅम मॅनेजरच्या हेल्प मेनूत 'अबाउट' उघडलं की 'सिस्टिम रिसोर्सेस' किती टक्के शिल्लक आहेत ते दिसायचं. रॅम भरपूर मोकळी आणि हा आकडा तळाला, तर दोष नोंदवहीचा.

पडद्यावर कचरा दिसत असेल, तर डॉसमध्ये जाऊन 'सेटअप' चालवायचं आणि साधा व्हीजीए ड्रायव्हर निवडायचा. ६४० बाय ४८० पिक्सेल, फक्त १६ रंग. त्यावर चित्र स्वच्छ दिसलं, तर संशय आधीच्या डिस्प्ले ड्रायव्हरवर.

काम रेंगाळतंय आणि हार्ड डिस्कचा दिवा सतत लुकलुकतोय, तर मात्र रॅम खरंच अपुरी. विंडोज डिस्कवरच्या स्वॅप फाइलला रॅम समजून काम ढकलतंय. इथे रॅम वाढवणं योग्यच होतं. ते परवडत नसेल, तर डिस्क डिफ्रॅग करून कायमस्वरूपी स्वॅप फाइल बनवायची. तेवढ्यानेही वेग थोडा सुधारायचा.

आज याचा काय उपयोग?

मी इंजिनीअरिंगला पोहोचेपर्यंत विंडोज ३.१ इतिहासजमा झालं होतं. पण त्यातली स्वॅप फाइल आज आपल्याला नव्या नावाने विकली जातेय, असं माझं स्पष्ट मत आहे. '८ + ८ जीबी रॅम' अशा जाहिरातीतले दुसरे ८ जीबी म्हणजे बहुतेकदा फोनच्या स्टोरेजमधली जागा. ती खऱ्या रॅमपेक्षा बरीच हळू असते. दोन्ही आकड्यांची बेरीज करून दाखवणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे.

त्यामुळे पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी तपासा. फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. तिथे नीट चालला, तर दोष बहुधा डाउनलोड केलेल्या एखाद्या ॲपचा. स्क्रीनवर रेषा दिसत असतील, तर स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाहा. तिथे रेषा नसतील, तर संशय डिस्प्लेवर. स्टोरेज काठोकाठ भरलं असेल, तर आधी ते रिकामं करा.

शिवाय कंपन्यांकडे एक मागणी करायला हवी. कुठल्या ॲपमुळे फोन अडतोय, ते साध्या भाषेत आणि सहज सापडेल अशा ठिकाणी दाखवा. १९९२ मध्ये निदान टक्केवारी तरी दिसत होती, मग ती हेल्प मेनूत दडलेली का असेना.