मोठा आकडा म्हणजे चांगला कोअर नव्हे

लॅपटॉपच्या किंवा मॉनिटरच्या केबलवर टोकाजवळ एक जाड गाठ दिसते. तिच्या आत फेराइटचं नळकांडं असतं. आजोबांच्या ट्रान्झिस्टरमधली काळी दांडीही फेराइटचीच. तिच्यावरच्या कॉइलमुळे आकाशवाणी भोपाळ १५९३ किलोहर्ट्झवर लागायचं. एक फेराइट नको असलेला सिग्नल जिरवतो, दुसरा हवा असलेला पकडतो. मग फिल्टरसाठी कोणता घ्यायचा?

जवाहर चौकात आमच्या शेजारचा एक मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हॅम रेडिओच्या परवान्यासाठी अभ्यास करतोय (वयाची १२ वर्षं पूर्ण झाली की ही परीक्षा देता येते) आणि ७ मेगाहर्ट्झच्या छोट्या ट्रान्समीटरचे भाग जमवतोय. परवा त्याने विचारलं, "दादा, ८०० पर्मिएबिलिटीचा कोअर मिळतोय, तर १० चा कशाला घ्यायचा? ८०० मध्ये दोन वेढ्यांत काम होतं!"

प्रश्न रास्त आहे. पर्मिएबिलिटी म्हणजे चुंबकी रेषांना वाट देण्याची क्षमता. ती जास्त असेल तर वेढे कमी लागतात. पण फिल्टरला फक्त तेवढंच पुरत नाही.

७.१ मेगाहर्ट्झवर बोलणारा ट्रान्समीटर थोडाफार १४.२ आणि २१.३ वरही बोलतो. या दोन्ही जागी दुसरे हॅम असतात. म्हणून अँटेनाच्या आधी लो-पास फिल्टर लावतात. त्याच्या कॉइलने ७.१ ला जवळजवळ फुकट जाऊ द्यायला हवं आणि तिचं मूल्य गरमीत सरकता कामा नये. मे महिन्यात भोपाळच्या गच्चीवर सेट ठेवला तर हे लगेच कळतं.

अखंड लोखंड इथे चालत नाही. त्यात भोवरी प्रवाह फिरतात आणि ऊर्जेची उष्णता होते. यावर दोन उपाय निघाले. पहिला म्हणजे लोखंडाची बारीक पूड, कण एकमेकांपासून विलग ठेवून दाबलेली. दुसरा फेराइट, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडची भाजलेली माती. तोक्योत काटो आणि ताकेई यांनी १९३० मध्ये त्याचा शोध लावला. पुढे स्नूक यांनी १९४८ मध्ये त्याची मर्यादा सांगितली: ढोबळमानाने, पर्मिएबिलिटी जितकी जास्त, तितक्या खालच्या फ्रिक्वेन्सीलाच फेराइट दमतो.

८०० चा तो फेराइट, बाजारातलं नाव '४३', ७ मेगाहर्ट्झवर बरीच ऊर्जा स्वतःच खातो. फिल्टरमध्ये हा दोष आहे. केबलवरच्या गाठीत मात्र हेच त्याचं काम, कारण तिथे गोंगाट जिरवायचाच असतो.

म्हणून त्याला 'टी ५०-२' सुचवला. 'टी' म्हणजे टोरॉइड, म्हणजे कडं. ५० म्हणजे बाहेरचा व्यास अर्धा इंच. २ हे पुडीच्या मिश्रणाचं नाव, रंग लाल, पर्मिएबिलिटी १०. हिशोबही सोपा: वेढ्यांचा वर्ग गुणिले ४.९, उत्तर नॅनोहेन्रीत. १७ वेढे घेतले तर साधारण १.४ मायक्रोहेन्री. वेढे वाढले, पण कॉइल थंड राहते आणि मूल्य फारसं हलत नाही. १४ किंवा २१ मेगाहर्ट्झच्या फिल्टरसाठी पिवळा '६' बरा. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास कोअरच नको, तारेची मोकळी कॉइल पुरते.

शेवटचं, खरेदीचं. ऑनलाइन मागवलेल्या कोअरच्या रंगावर विश्वास ठेवू नका. रंग कुणीही लावू शकतो. १० वेढे गुंडाळा आणि साध्या एलसी मीटरवर मोजा. 'टी ५०-२' असेल तर अर्ध्या मायक्रोहेन्रीच्या आसपास आकडा येईल. चाळीसच्या पुढे गेला तर तो रंगवलेला फेराइट समजा. टाकून देऊ नका, चार्जरच्या केबलवर चढवा. रेडिओतली खरखर कमी व्हायला मदत होईल.