'अ‍ॅव्हरेज किती देते?' : एका हिणवल्या गेलेल्या प्रश्नाचा इतिहास

१/१२
"अ‍ॅव्हरेज किती देते?" लहान मोटार घेताना मराठी माणूस रंगाआधी आणि वेगाआधी हे विचारतो. विनोदांनी या प्रश्नाची थट्टा केली, जाहिरातींनी त्यावर धंदा केला आणि मोटारींच्या जाणकारांनी त्यावरून ग्राहकाला चिकट ठरवले. हा निवाडा अन्यायाचा आहे. तो का अन्यायाचा, हे पाहायचे तर जत तालुक्यापासून सुरुवात करावी.

२/१२
जत ही डफळे संस्थानिकांची राजधानी. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कालची राजधानी आज जिल्ह्याच्या पूर्व टोकाचे तालुक्याचे गाव झाली. जिल्हाधिकारी कचेरी, जिल्हा न्यायालय, मोठे दवाखाने हे सारे सांगली-मिरजेकडे, सुमारे ८० किलोमीटरवर. उमदीसारख्या सीमेवरच्या गावातून ते अंतर शंभराच्या वर जाते. क्षेत्रफळाने जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका तो हाच.

३/१२
रेल्वेनेही हे अंतर कमी केले नाही. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद लोहमार्ग १९२७ मध्ये पंढरपूरहून मिरजेस पोहोचला. त्यावरच्या एका स्थानकाचे नाव 'जत रोड'. स्थानकाच्या नावापुढे 'रोड' असले की गाव तेथून दूर आहे असे समजावे. जत शहरात गाडी आलीच नाही. उरली ती एसटी, आणि ज्याला परवडेल त्याचे स्वतःचे वाहन.

४/१२
आता साधा हिशेब. जत-सांगली जाऊन-येऊन १६० किलोमीटर. लिटरला २० देणाऱ्या गाडीला ८ लिटर लागतात, १६ देणारीला १०. पेट्रोल १०० रुपये धरले तरी एका खेपेला २०० रुपयांचा फरक पडतो. दवाखाना, कोर्ट, कॉलेज यांसाठी महिन्याला चार खेपा झाल्या तर वर्षाला ९,६०० रुपये. कचेरीपासून दहा मिनिटांवर राहणाऱ्याला हा प्रश्न हास्यास्पद वाटणारच.

५/१२
"काटकसर मारुतीने शिकवली" हा दुसरा गैरसमज. स्वातंत्र्यानंतरच्या तीन दशकांत ग्राहकापुढे निवड होती कुठे? उत्तरपाड्याची १,४८९ सीसीची अ‍ॅम्बेसेडर, मद्रासची स्टँडर्ड, आणि सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्यात तयार होणारी १,०८९ सीसीची फियाट. परवाना पद्धतीत स्पर्धा नव्हती, नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. कारखानदाराला इंधन वाचवण्याची गरजच भासली नाही. एल. के. झा यांच्या समितीने १९६० मध्ये स्वस्त लहान मोटारीची शिफारस केली. ती कागदावरच राहिली.

६/१२
मागणी मात्र जिवंत होती, आणि तिचा पुरावा जतच्याच मुलखाशेजारी, इचलकरंजीत आहे. शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून 'मीरा' नावाच्या छोट्या मोटारीचे नमुने एकामागून एक स्वतः घडवले. सामान्य माणसाला घेता यावी आणि चालवताही परवडावी, अशी हलकी गाडी हा त्यांचा ध्यास होता. १९७० च्या सुमारास शेवटचा नमुना झाला. कारखाना कधीच उभा राहिला नाही. लोकांना काय हवे हे दिल्लीच्या फायलींआधी इचलकरंजीच्या कारागिराला कळले होते.

७/१२
त्याच १९७० मध्ये लहान मोटारीचे इरादापत्र संजय गांधींना मिळाले. त्या कंपनीची मोटार सामान्य ग्राहकाच्या दारात आलीच नाही. दरम्यान १९७२ चा दुष्काळ पडला आणि पाठोपाठ ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली. पिंपाला सुमारे ३ डॉलर असलेला खनिज तेलाचा भाव काही महिन्यांत ११-१२ डॉलरवर गेला. पाणी आणि पेट्रोल दोन्ही मोजून वापरण्याची सक्ती एका पिढीवर एकदमच आली.

८/१२
१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आणि साडेसहाशे किलोच्या आसपास वजन. यात जादू काही नव्हती. इंजिन लहान आणि वजन कमी, एवढेच तिचे रहस्य. लोकांची सवय मारुतीने घडवली असे म्हणणे म्हणजे पावसाने तहान निर्माण केली म्हणण्यासारखे आहे.

९/१२
ग्राहक केवळ चिकट असता तर टाटांची नॅनो विक्रमी खपली असती. २००८ मध्ये जगापुढे आलेल्या या ६२४ सीसीच्या गाडीचे प्रमाणित अ‍ॅव्हरेज लिटरला २३.६ किलोमीटर होते आणि किंमत सर्वांत कमी. तरीही लोकांनी ती नाकारली आणि दशकभरात तिचे उत्पादन थांबले. कुटुंब, सामान, घाट, दुरुस्ती, पुनर्विक्री हे सारे ग्राहक तोलत होता. अ‍ॅव्हरेज हे त्या तराजूतले एक वजन होते.

१०/१२
ते वजन इतके मोलाचे का? कारण कंपनीच्या दाव्यांपैकी हा दावा ग्राहक घरबसल्या तपासू शकतो. पुण्याच्या एआरएआयचा आकडा प्रयोगशाळेतील फिरत्या रुळांवर, ठरलेल्या चक्रात, एसी बंद ठेवून काढला जातो. जतचा चालक टाकी काठोकाठ भरतो, महिनाभर हिंडतो, पुन्हा भरतो आणि किलोमीटरला लिटरने भागतो. उन्हाळा, खड्डे, मागच्या सीटवरची तीन माणसे हे सारे त्या भागाकारात येते. 'अ‍ॅव्हरेज' म्हणजे सरासरी. बोलीने नेमका शब्द निवडला आहे.

११/१२
गंभीर आक्षेप एकच उरतो: अ‍ॅव्हरेजच्या नादात सुरक्षितता गेली. २०१४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत भारतातील अनेक लहान गाड्यांना शून्य तारे मिळाले, हे खरे. पण धडकेची चाचणी ग्राहक अंगणात घेऊ शकत नाही. ते काम कायद्याचे होते, आणि चालकासमोरची एअरबॅग सक्तीची व्हायला २०१९ उजाडले. इंधनक्षमतेचे राष्ट्रीय निकषही २०१७-१८ पासूनचे, म्हणजे तेलसंकटानंतर चार दशकांहून अधिक काळाने आलेले. शासन चालकाला बचतीचे धडे देत राहिले आणि कारखानदाराला सवलत. २०१५ मध्ये तर महाराष्ट्राने दुष्काळनिधीसाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये जादा कर लावला. हा कर उत्पन्न पाहत नाही, लिटर पाहतो. म्हणून सोयींपासून जो जितका दूर, तो तितका अधिक भरतो. दुष्काळाच्या नावाचा कर दुष्काळी जतनेही भरला, तोही लांबच्या अंतराच्या मापाने.

१२/१२
तेव्हा "अ‍ॅव्हरेज किती देते?" हा प्रश्न अंतराची किंमत स्वतः मोजणाऱ्या नागरिकाचा आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी त्याला हसण्याऐवजी त्याची साधने गोळा करावीत. जुन्या गाड्यांच्या कप्प्यांत पंपाच्या पावत्या, तारीखवार किलोमीटर लिहिलेल्या छोट्या वह्या अजून सापडतात. मोटारकंपन्यांचा इतिहास माहितीपत्रकांत सापडेल. रस्त्याचा इतिहास या वह्यांत आहे, आणि गाडी भंगारात जाते तेव्हा तोही तिच्याबरोबर जातो.