खोकल्यावर मध गुणकारी. प्रश्न बाटलीतील मधाचा

नवी दिल्ली : मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ मध्ये खोकल्याच्या दूषित औषधामुळे वीसहून अधिक बालके मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्या पार्श्वभूमीवर आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, तर पाच वर्षांखालील मुलांसाठीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत, असे राज्यांना कळविले. मग रात्रभर खोकणाऱ्या मुलाला द्यायचे काय, हा प्रश्न पालकांपुढे उरतो. आजीच्या बटव्याचे उत्तर मध असे आहे आणि यावेळी संशोधन आजीच्या बाजूने आहे.

कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये सहा चाचण्या व ८९९ मुलांच्या माहितीचा आढावा घेतला. काहीच न देण्यापेक्षा मधाने खोकला अधिक कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष. अर्थात, बहुतेक मुलांना मध एकाच रात्री दिला गेला होता. त्यामुळे दावाही तेवढाच मर्यादित ठेवावा लागतो. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेही त्याच वर्षी एक वर्षावरील मुलांच्या साध्या खोकल्यासाठी मध सुचविला. वयाची ही अट मात्र कठोर आहे. मधातील जिवाणूबीजांमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. नवजाताला मध चाटविण्याची प्रथा म्हणूनच धोक्याची ठरते.

अडचण पुढेच आहे. चाचण्यांत वापरला गेला तो मध. दुकानातील बाटलीत तोच असेल, याची खात्री कोण देणार? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडचे नमुने तपासले, तेव्हा जर्मन प्रयोगशाळेतील एनएमआर चाचणीत केवळ तीन ब्रँड उत्तीर्ण झाले. कंपन्यांनी भेसळीचा आरोप फेटाळला. नेहमीच्या चाचण्या ऊस, मका, तांदूळ किंवा बीट यांच्या साखरेच्या खुणा शोधतात. त्या चुकवू शकतील असे पाक खास तयार होतात, असे संस्थेचे म्हणणे होते. एनएमआर चाचणी मधाची संपूर्ण रासायनिक घडण पाहते, त्यामुळे तिला चकविणे कठीण.

पाकानेही घसा घटकाभर ओला होईल, तो विषही नाही. पण मधावरील चाचण्यांचे निष्कर्ष त्याला लागू होत नाहीत. अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय मधासाठी १ ऑगस्ट २०२० पासून एनएमआर चाचणी सक्तीची झाली. देशातील ग्राहकाच्या बाटलीवर तेव्हा अशी सक्ती नव्हती.