आरोग्यविचार : ‘एखादा पेला चालेल काय ?’

गेल्या महिन्याच्या टपालांत एका सद्गृहस्थांचें पत्र आलें. वय अठ्ठावन्न, घर भावाभावांचें, एकत्र. सन १९९३ मध्यें एका शस्त्रक्रियेच्या वेळीं त्यांना रक्त द्यावें लागलें होतें. यंदा मोतीबिंदू काढण्यापूर्वीं तपासणी झाली, तेव्हां रक्तांत हिपॅटायटिस ‘सी’ची खूण आढळली. प्रकृतीची तक्रार कांहींच नाहीं. शनिवारीं मित्रमंडळींत बसून दोन पेग व्हिस्की घेण्याचा त्यांचा वीस वर्षांचा परिपाठ आहे. घरांत ही गोष्ट पत्नीखेरीज कोणास ठाऊक नाहीं. ते विचारतात, “मी व्यसनी नव्हें. मग आठवड्यांतून एकदां घेतल्यास काय बिघडेल ?” पत्राच्या अखेरीस एक वाक्य संकोचानें लिहिल्यासारखें आहे : “घरांत माझें ताट-वाटी वेगळी ठेवली आहे.”

प्रश्न एकच विचारला असला, तरी उत्तरें दोन द्यावयास हवींत. एक त्यांना व एक त्यांच्या घरास.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. यकृताचा विकार म्हटला कीं तो दारूचाच, असें आपल्या समाजांत सहज धरलें जातें. हा विकार विषाणूचा आहे आणि तो रक्तावाटे येतो. हा विषाणू ओळखला गेला १९८९ सालीं; भारतांत दात्याच्या रक्ताची त्यासाठीं तपासणी सक्तीची झाली ती २००१ सालीं. त्यापूर्वीं ज्यांना रक्त चढविलें गेलें, त्यांपैकीं कोणाच्याहि शरीरांत तो नकळत शिरला असूं शकेल. यांत लज्जेचें कारण तिळमात्र नाहीं.

आतां मूळ प्रश्न. उत्तर देण्यापूर्वीं दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. पहिली, विषाणू आज शरीरांत आहे काय ? पहिल्या तपासणींत दिसतात ते प्रतिपिंड. ते विषाणू येऊन गेल्याची साक्ष देतात, तो अद्यापि आहे असें सांगत नाहींत. शंभरांतील पंधरा ते पंचेचाळीस जणांचा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत आपोआप नाहींसा होतो. म्हणून आर.एन.ए. नांवाची दुसरी तपासणी अवश्य करावी. दुसरी गोष्ट, यकृतावर वण किती पडले आहेत ? हें रक्ताच्या कांहीं तपासण्यांवरून व फायब्रोस्कॅन नांवाच्या वेदनारहित यंत्रपरीक्षेनें समजतें. तक्रार नाहीं म्हणून यकृत ठीक आहे, असें मानूं नये. हा अवयव मुकाट्यानें सोसणारा आहे. तो बोलूं लागतो तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो.

विषाणू यकृतांत वर्षानुवर्षें मंद दाह चालू ठेवतो; दाहानें वण पडतात; वण वाढत गेले कीं यकृत घट्ट व गांठाळ होतें, त्यास सिरोसिस म्हणतात. जुनाट विकार असलेल्या शंभरांपैकीं पंधरा ते तीस जणांना वीस वर्षांच्या अवधींत ही अवस्था येते. मद्यहि यकृताची हीच हानि स्वतंत्रपणें करतें. दोन्ही एकत्र आल्यास वण लवकर वाढतात. रोज पन्नास ग्रॅम किंवा त्याहून अधिक अल्कोहोल घेणाऱ्यांत हें स्पष्ट दिसून आलें आहे. हिशेब करावयाचा तर तीस मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या लहान पेगांत सुमारें दहा ग्रॅम अल्कोहोल असतें. मोठ्या पेगांत वीस. बिअरच्या मोठ्या बाटलींत पंचवीसच्या आसपास. बिअर किंवा वाइन ‘सौम्य’ म्हणून यकृत तिला निराळा न्याय देत नाहीं.

तेव्हां शनिवारच्या दोन पेगांनीं उद्यांच अनर्थ ओढवेल, असें भय आम्ही घालणार नाहीं. तें खरें होणार नाहीं. परंतु अमुक इतकी घेतल्यास या विकारांत बाधत नाहीं, अशी सुरक्षित मर्यादाहि आजवर ठरलेली नाहीं. शिवाय आपल्या यकृतावर किती वण आहेत, हें ठाऊक नसतां पेला उचलणें म्हणजे खात्यांत शिल्लक किती हें न पाहतां धनादेश लिहिण्यासारखें आहे.

यांत आशेची बाजू मोठी आहे. सोफोसबुव्हिर व डॅक्लाटास्व्हिर या गोळ्यांनीं बहुतेकांचा विषाणू बारा आठवड्यांत जातो. शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजीं सुरूं झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत ही तपासणी व औषधें सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनीं पुन्हां आर.एन.ए. पाहून बरें झाल्याची खात्री करतात. म्हणजे ज्यांस सिरोसिस नाहीं, त्यांच्यापुढें प्रश्न जन्मभराचा नसून प्रथम सहा महिन्यांचा आहे. तेवढा काळ पेला पूर्ण बाजूस ठेवावा. मग काय करावें हें डॉक्टरांच्या सल्ल्यानें ठरवावें. ज्यांस सिरोसिस झाला आहे त्यांनीं मात्र विषाणू गेल्यावरहि मद्यास कायमचा नमस्कार करावा. कारण कर्करोगाचें भय त्यांना पुढेंहि राहतें, व दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करून घ्यावी लागते.

आणखी तीन सूचना. डॉक्टरांपासून पिण्याचें प्रमाण लपवूं नये. मद्य घेणाऱ्यास औषध नाकारावें असा नियम नाहीं, खोट्या माहितीनें मात्र उपचार चुकतो. जे रोज पुष्कळ घेतात त्यांनीं ती एकाएकीं बंद करूं नये. कंप, झटके येण्याचा धोका असतो, म्हणून वैद्यकीय देखरेखींत सोडावी. आणि आसवारिष्टांतहि किण्वनानें उत्पन्न झालेलें अल्कोहोल असतें, हें घरांतील वडीलधाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां घरास उत्तर. हा विषाणू एका पंगतींत जेवल्यानें, एका तांब्याचें पाणी प्यायल्यानें, जवळ घेतल्यानें किंवा खोकल्यानें पसरत नाहीं. वस्तरा, दांत घासण्याचा ब्रश व नखें कापण्याचें साधन तेवढें वेगळें ठेवावें, जखम झांकावी, पत्नीची एकदां तपासणी करावी. एवढी सावधगिरी पुरे. वेगळ्या ताटानें कोणाचें रक्षण होत नाहीं. होतो तो एका माणसाचा अपमान. घरच्या पंगतींतून ज्यास बाजूस बसविलें, तो जेथें कोणी बाजूस बसवीत नाहीं त्या बैठकीकडे ओढला गेल्यास दोष एकट्या त्याचाच काय ? शनिवारचा पेला सुटावा असें वाटत असेल, तर त्या सायंकाळीं त्यांना घरांत बोलावणारें कोणी असलें पाहिजे. मित्रांना सांगावयास “औषध चालू आहे” एवढे तीन शब्द पुरेत. खरा मित्र चौथा विचारीत नाहीं.

आमच्या वाचकांच्या घरांत २००१ पूर्वीं कोणास रक्त चढविलें गेलें असेल, तर या महिन्यांत त्यांची ही साधी तपासणी करून घ्यावी. आणि ती होईपर्यंत, निकाल कांहींहि येवो, त्यांचें ताट सर्वांच्या ओळींतच मांडावें.