पोत्यावरचा आकडा आणि कोंबडीच्या पोटातील खाद्य



बियाणे घेताना मूठभर हातात घेऊन पारखणारे आपण, कोंबड्यांसाठी सुकी मासळी घेताना मात्र फक्त भाव विचारतो. ही सवय घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मका कोंबडीला शक्ती देतो, पण त्यात प्रथिने शेकडा 9 च्या आसपासच असतात. अंडी देणाऱ्या कोंबडीला खाद्यात शेकडा 16 ते 18 लागतात. शेंगदाणा पेंडीने हा आकडा भरून निघतो, तरी लायसीन व मेथिओनीन ही प्रथिनांतील आवश्यक द्रव्ये कमीच राहतात. ती चांगल्या मासळीच्या भुकटीत भरपूर असतात. शिवाय 1948 साली शोधले गेलेले ब-12 जीवनसत्त्व पेंडीत वा धान्यात नसते, मासळीत असते. म्हणून शंभर किलो मिश्रणात पाच किलो चांगली भुकटी पुरेशी उपयोगी पडते.

पण नुसत्या आकड्याला भुलू नये. पिसांतही शेकडा 80 हून अधिक प्रथिने असतात. तरी कच्ची पिसे कोंबडीला पचत नाहीत, ती दाबाखालील वाफेत शिजवावी लागतात. जे पचते तेच अन्न.

घाट चढून आपल्या बाजारात येणाऱ्या स्वस्त सुक्या मासळीत मीठ आणि वाळू पुष्कळ असते. शेकडा 20 मीठ असलेली दहा किलो मासळी शंभर किलो खाद्यात मिसळली, की दोन किलो मीठ कोंबड्यांच्या पोटात गेले. अर्धा किलोच्या आसपास पुरे असते! एका घरी आम्ही गेलो, तेव्हा खुराड्यातील भाताचे तूस ओलेचिंब होते आणि पिल्ले सारखी पाण्याकडे धावत होती. त्या माउलीला वाटले, रोग आला. रोग नव्हता, मीठ होते. मुलांच्या वह्यापुस्तकांचे पैसे त्या अंड्यांतून यायचे होते.

तेव्हा मूठभर मासळी कुटून पाण्यात टाकून पाहा. वाळू तळाशी बसते. जिभेला खारट लागली किंवा कुबट वास आला, तर परत करा. खाटकाकडील कच्चे टाकाऊ मांस खुराड्यात टाकू नका, त्यातून रोगजंतू पसरतात. आणि मांस-हाडांची भुकटी गाईम्हशींना कधीही घालू नका. 1986 साली इंग्लंडमध्ये ओळखला गेलेला गाईंचा मेंदूरोग अशाच खाद्यातून पसरला.

चांगली मासळी मिळत नसेल तर अडून बसू नये. सोयाबीन पेंड, तयार मेथिओनीन व जीवनसत्त्वांचे मिश्रण यांवर कोंबड्या उत्तम वाढतात. वाईट मासळीपेक्षा मासळी नसलेली बरी.

चार-पाच घरांनी मिळून एकच चांगले पोते घ्यावे, आणि घेण्यापूर्वी नमुना तपासून घ्यावा. तपासणीचा खर्च वाटून घेतला की जड जात नाही. मेलेल्या पिल्लांचा तोटा मात्र ज्याचा त्यालाच सोसावा लागतो.